गंज, कळंक आणि खूण

पावसाळा ओसरला की आमच्या किनाऱ्यावर घराघरांतून लोखंडाची झाडाझडती सुरू होते. कोयते, विळ्या, पहारी, कुदळी, शिलाई मशीनची चाके, सायकलींच्या साखळ्या, सारे काही अंगणात येते. रेवदंड्याच्या खाडीवरून चार महिने वाहणारा वारा नुसता ओला नसतो, खारा असतो. मीठ स्वतः हवेतले पाणी ओढून घेते आणि धातूच्या अंगावर धरून ठेवते. त्यामुळे पुण्याच्या घरात जो चाकू वर्षभर तसाच राहतो, तोच आमच्याकडे ज्येष्ठात ठेवला तर भाद्रपदात तपकिरी होऊन हाती लागतो. किनाऱ्यावरच्या माणसाला धातूंशी वागताना रोजची जागरूकता ठेवावी लागते. आळशी माणसाची अवजारे इथे फार लवकर त्याच्याविरुद्ध साक्ष देऊ लागतात.

आमच्या घरात ही झाडाझडती वडील करीत. मुंबईच्या एका कारखान्यात त्यांनी उभे आयुष्य फिटर म्हणून काढले आणि निवृत्त झाल्यावर ते एक लोखंडी पेटी घेऊन गावी परतले. तिच्यात त्यांचे पाने, कानशी, छिन्न्या, पंच, कॅलिपर आणि गुण्या होता. शिवाय आजोबांच्या काही वस्तू होत्या. आजोबा होड्या दुरुस्त करीत. त्यांचा वाकस, तीन पटाश्या आणि एक सामता वडिलांनी जपून ठेवला होता. गणपती येऊन गेले, ऊन थोडे तापले, की एके सकाळी ही पेटी ओट्यावर उघडली जाई. एनॅमलच्या भांड्यात रॉकेल, जुन्या धोतराच्या चिंध्या, बारीक पॉलिश पेपर, आणि शेवटी यंत्राच्या तेलाची बाटली असा सारा सरंजाम असे. हे काम ते कुणाला करू देत नसत. आम्हा मुलांना फक्त चिंध्या फाडण्याचा अधिकार होता.

त्या वयात मला एक गोष्ट खटके. एवढी मेहनत घेऊनही वडिलांची अवजारे चकचकीत दिसत नसत. पटाशीची धार आरशासारखी होई, पण तिची पाठ काळीच राही. पाने तर जवळजवळ कोळशाच्या रंगाचे होते. शेजारच्या घरी मुंबईहून आणलेला नवा पान्यांचा संच होता, तो चांदीसारखा लखलखे. मी एकदा तसे बोलून दाखविले. ते म्हणाले, "धार चकचकीत हवी, पाठ नव्हे." एवढेच. अधिक समजावून सांगण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

त्या वाक्यामागे किती धातुशास्त्र होते हे मला पुष्कळ उशिरा कळले. धातूवर जे जे काळे, तपकिरी वा हिरवे दिसते ते सारे एका जातीचे नसते. लोखंडावरचा तांबूस, भुसभुशीत गंज हा शत्रू खरा. ज्या लोखंडापासून तो होतो त्याच्या कित्येक पट जागा तो व्यापतो. म्हणून तो पापुद्रे काढून वर येतो, बिजागऱ्या जाम करतो, भिंतीतली सळई फुगवून भिंतच फोडतो. परंतु वर्षानुवर्षे तेलाच्या हाताने फिरविलेल्या अवजारावर जो गर्द, घट्ट, काळसर थर बसतो, तो ओलाव्याला वाट देत नाही. तो खरवडून काढला की खालचे कोवळे लोखंड उघडे पडते आणि पुढच्याच पावसात गंजते. पितळेचेही तसेच. तांबे आणि जस्त यांच्या या मिश्रणावर हवेने चढणारी मंद तपकिरी झाक फारशी उपद्रवी नाही. खाऱ्या वाऱ्याने तांब्याच्या वा काशाच्या वस्तूवर मधूनच उठणारी फिकट हिरवी पूड मात्र फार कपटी असते. मिठातला क्लोरीन तांब्याशी जे संयुग करतो, त्याला ओलावा आणि हवा मिळाली की त्यातून पुन्हा आम्ल निघते, ते आम्ल आणखी तांबे खाते, आणि हे चक्र आपले आपण चालू राहते. वरून पुसून ते थांबत नाही.

म्हणजे स्वच्छ करणाऱ्याला पहिला प्रश्न पडावा तो "हे कसे काढू" हा नव्हे, "हे काय आहे" हा. आणि त्याचे उत्तर डोळ्यांना नेहमी देता येत नाही. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील इंग्रजी फौजेला याचा विचित्र अनुभव आला. पावसाळ्यात हालचाली थंडावत, तेव्हा काडतुसे घोड्यांच्या पागेत ठेवली जात. पाऊस संपल्यावर पाहावे तो पितळेच्या नळकांड्यांना भेगा पडलेल्या. त्यांवर गंजाचे पुट नव्हते की धातू झिजलेला नव्हता. सरळ चिरा गेलेल्या. १९२१ साली त्याचा उलगडा झाला. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, आणि नळकांडे ओढून घडविताना पितळेच्या अंगात कोंडून राहिलेला ताण, या दोहोंच्या संगनमताने ते फुटत होते. एकटा अमोनिया वा एकटा ताण पुरला नसता. मला हा प्रसंग धातूंपेक्षा माणसांविषयी अधिक सांगतो असे वाटते; पण तो मोह आवरतो. व्यवहारापुरते एवढेच, की पितळ उजळविण्याच्या काही द्रवांतही अमोनिया असतो, आणि म्हणून ते लावून तसेच वाळू देऊ नयेत, शेवटच्या थेंबापर्यंत पुसून काढावेत.

आपल्या भाषेने मात्र या बाबतीत फार सरळ हिशेब मांडला आहे. पितळेच्या भांड्यात आंबट ठेवले की ते कळकते. भांड्याला चढतो तो कळंक, आणि चारित्र्याला लागतो तो कलंक. शब्द एकच. जे चढले ते वाईट, ते घासून काढावे. कल्हई तर बिचारी फुकट बदनाम झाली. ढोंग उघडे पडले की आपण म्हणतो, कल्हई उडाली. वास्तविक कल्हईवाला कुणाला फसवीत नसतो. तांब्या-पितळेचे भांडे तापवायचे, नवसागर टाकून ते निर्मळ करायचे, आणि कापसाच्या बोळ्याने आतून कथलाचा पातळ थर फिरवायचा, तो आमटी-ताकातल्या आंबटाला तांब्यापासून दूर ठेवण्यासाठी. हा लेप खोटे दाखविण्याकरिता नसतो, जेवणाऱ्याच्या पोटाच्या रक्षणाकरिता असतो. तरी म्हणींत तो ढोंगी ठरला, आणि चिंच लावून तांबे खरवडणारा हात तेवढा प्रामाणिक ठरला. चिंचेने, आमसुलाने, राखेने वा बाजारच्या पितांबरीने भांडे लखलखते हे खरेच. पण प्रत्येक घासणीबरोबर तांब्याचा एक अतिसूक्ष्म अंश मोरीतून वाहून जातो. उजळणे म्हणजे झिजविणे. रोजच्या भांड्याला ते चालते, कारण त्याच्या अंगावर जपण्यासारखे काही लिहिलेले नसते.

ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, ती आता सांगितली पाहिजे.

वडिलांना एक छंद होता. ते कॉर्नेट वाजवीत. खाडीच्या दोन्ही अंगांच्या गावांतले पाच-सहा जण मिळून एक लहानसा बँड होता. लग्नाला, सणाला आणि मर्तिकालाही ते वाजवीत. वडिलांचा कॉर्नेट जुना होता. त्याचा मूळचा सोनेरी लेप कधीच गेला होता, हात जिथे पडे तिथे पितळ उजळ आणि बाकी सर्वत्र तपकिरी. तीन कळांच्या नळ्यांपैकी मधल्या नळीवर खिळ्याने कोरल्यासारखी दोन रोमन अक्षरे होती आणि त्यांखाली एक लहानसा वाकडा क्रूस. वडील गेले त्याच्या पुढच्या वर्षी घरात लग्न निघाले. वडिलांचे वाद्य लग्नात वाजावे असे सर्वांच्या मनात आले, आणि ते उजळून आणण्याचे काम मी आपणहून अंगावर घेतले. मुंबईतल्या एका दुकानात नेले. कारागीर मोठा सावध होता. त्याने वाद्य उलटसुलट करून पाहिले, मधल्या नळीवर अंगठा फिरविला आणि विचारले, "हे ओरखडे ठेवायचे की काढायचे?"

मी म्हणालो, "काढा."

कापडी चाकावर पॉलिशची वडी लावून, गरगर फिरत्या चाकाशी पितळ धरले की पाच मिनिटांत तीस वर्षे उतरतात. वाद्य घरी आले तेव्हा ते पाहायला शेजारी जमले. लग्नात ते वाजले. फोटो निघाले.

दोन वर्षांनी सणाच्या दिवशी, मिस्सा आटोपल्यावर, खाडीपलीकडच्या गावातल्या एक वयस्कर बाई माझ्याकडे आल्या. त्यांना आम्ही काकी म्हणत असू. त्यांचा यजमान वडिलांच्या बँडमधला. तो जहाजावर नोकरीला गेला, तेव्हा कॉर्नेट वडिलांकडे ठेवून गेला होता. तो परत आला नाही, परमुलखातच वारला. काकींनी वाद्य कधी मागितले नाही आणि वडिलांनी ते आपले म्हणून कधी सांगितले नाही. पण आता त्यांचा नातू वाजवायला शिकत होता. त्या म्हणाल्या, "तुझ्या बापाने ते जपलं, म्हणून मी गप्प होते. आता पोराला हवंय."

मी त्यांना घरी आणले, वाद्य हाती दिले. त्यांनी ते डोळ्यांजवळ धरले नाही. त्यांची दृष्टी अधू झाली होती. त्यांनी अंगठा मधल्या नळीवर नेला. एकदा खालून वर, एकदा वरून खाली. मग म्हणाल्या, "इथे होतं."

घरातल्या एकाने तेवढ्यात बाजूला घेऊन मला विचारले, "त्यांचेच कशावरून? पुरावा काय?" प्रश्न कायदेशीर होता. पुरावा होता, आणि तो मी पैसे देऊन काढविला होता. मी काकींना म्हणालो, "उद्या मी स्वतः आणून देतो." दुसऱ्या दिवशी दिले. पण ते आजच का दिले नाही, त्या एका रात्री मी नेमका कशाचा विचार करीत होतो, हे माझे मलाच ठाऊक आहे. अक्षरे जागेवर असती तर ती रात्र मला पडलीच नसती.

कुणी म्हणेल, तुम्हाला कुठे ठाऊक होते? ओरखडे समजून काढले. अज्ञानाला दोष कसला? हाच बचाव मी पुष्कळ दिवस जवळ बाळगला होता. परंतु संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुमा थिओलॉजिया'त अज्ञानाचीही पाखड केली आहे. एक अज्ञान असे, की जे माणसाला टाळताच आले नसते. ते कृत्याचा दोष काढून घेते. दुसरे निष्काळजीपणाचे: जे कळून घेणे कर्तव्य होते ते त्याने कळून घेतले नाही. आणि तिसरे असे, की जे माणसालाच हवे असते. कळले तर हात आवरावा लागेल म्हणून तो न कळणेच पसंत करतो. ही शेवटची दोन्ही त्याच्या इच्छेच्या कक्षेत येतात, म्हणून त्याच्या खाती पडतात. ती दोन अक्षरे माझ्या वडिलांच्या नावाची नव्हती. त्यांच्या नावात ती कुठेच बसत नाहीत. हे मला दुकानात उभा असतानाही ठाऊक होते. मग ती कुणाची, हा प्रश्न एक पाऊल अंतरावर उभा होता. मी ते पाऊल टाकले नाही, आणि कारागिराने विचारल्यावर इतक्या चटकन उत्तर दिले की ते चटकनपण आजही मला टोचते.

मी काकींना म्हटले, ती अक्षरे पुन्हा कोरून आणतो. चांगला कोरणारा शोधतो. त्यांनी मान हलविली. "तू लिहिलेलं घेऊन मी काय करू?" दुसऱ्याची वस्तू परत केल्याखेरीज पश्चात्ताप पुरा होत नाही, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो. वस्तू परत करता आली. खूण परत करता आली नाही. ती त्यांच्या यजमानाने, बहुधा निघण्याच्या आदल्या दिवशी, आपल्या हाताने ओढलेली होती. आणि तशी कोरलेली दुसरी अक्षरे, कितीही हुबेहूब असली तरी, माझीच ठरणार होती.

इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस याने १८७७ साली जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था काढली. जीर्णोद्धाराच्या उत्साहात शेकडो वर्षांची चर्चे खरवडून नवीकोरी केली जात होती, त्याविरुद्ध ती उभी राहिली. म्हणून तिला टोपणनावच पडले 'खरवडविरोधी'. त्या वादातला मुद्दा रुचीचा वाटतो, जुने सुंदर की नवे सुंदर असा. खोलात तो रुचीचा नव्हे. जुन्या दगडावर, जुन्या पितळेवर अनेकांची साक्ष असते, आणि आज ती वस्तू ज्याच्या हाती आहे तो त्या साक्षीदारांपैकी फक्त शेवटचा असतो. शेवटच्या साक्षीदाराने आधीच्यांचे तोंड बंद करावे काय, हा खरा प्रश्न आहे.

याची उदाहरणे शोधायला फार लांब जायला नको. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात उत्तरेच्या तटाशी चाकांच्या गाड्यांवर दोन तोफा उभ्या आहेत. समुद्राकडे तोंड करून त्या अशा ऐटीत असतात की पाहणाऱ्याच्या मनात सरखेल कान्होजी आंग्रेच उभे राहावेत. पण त्यांच्या अंगावर यॉर्कशायरमधील लो मूर येथील लोखंडाच्या कारखान्याचे नाव आहे. तो कारखाना निघाला १७९१ मध्ये. कान्होजी वारले १७२९ मध्ये. एवढी चार अक्षरे वाचता येतात म्हणून इतिहास सरळ राहतो. ती झिजली असती तर आपल्या अभिमानाने त्या तोफा केव्हाच आंग्र्यांच्या करून टाकल्या असत्या, आणि आपल्याला खोटे बोलल्यासारखेही वाटले नसते.

अलीकडे तरुण मुले किल्ल्यांवर जाऊन झाडी तोडतात, ढिगाऱ्यात पडलेल्या तोफा वर काढतात, त्यांना सागवानी गाडे करून देतात. त्यांची निष्ठा पाहून मान लवते. रेवदंड्याच्या सातखणीपाशी पडलेल्या तोफा पाहिल्या की माझेही हात शिवशिवतात. पण बिडाच्या तोफेत मीठ खोलवर मुरलेले असते. समुद्रातून वर काढलेली तोफ नुसती धुऊन वाळविली तर तिचे पापुद्रे सुटून ती ढासळू लागते. म्हणून जाणकार तिला महिनोन्‌महिने क्षाराच्या पाण्यात ठेवून, सौम्य वीज सोडून, मीठ बाहेर काढतात. तारेच्या ब्रशाने खसाखसा घासून वर काळा रंग फासला की फोटो चांगला येतो. आणि घासताना जे पापुद्रे गळतात त्यांच्यावरच कधी ओतणाऱ्याचा शिक्का, वजनाचा आकडा, राजाचा मुकुट असतो. प्रेमाने केलेली नासधूस रागाने केलेल्या नासधुशीपेक्षा थोपवायला कठीण, कारण तिच्यापुढे "हे काय करता" असे विचारणाराच कृतघ्न ठरतो.

याउलट एक गोष्ट मला फार वर्षे आश्चर्यात टाकीत आली आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा तेथील चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून घाटावर नेल्या गेल्या आणि देवळांतून टांगल्या गेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यांतलीच; तिच्यावर १७२१ हे साल आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या घाटावर जी घंटा आहे, तिच्यावर १७०७ साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली पवित्र मरिया आहे. ती लढाई कशी झाली, कुणी काय गमावले, हे मी इथे उगाळीत नाही. आमच्या किनाऱ्यावरही चौल-रेवदंडा १७४० मध्ये पोर्तुगीजांच्या हातून गेला आणि मागे राहिलेल्यांनी, कोर्लईच्या लोकांसारख्यांनी, आपली बोली तेवढी जपली. मला नवल वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. जिंकणाऱ्यांजवळ कानशी होत्या, लोहार होते, वेळ होता. ती मरिया एका दुपारी घासून सपाट करता आली असती, आणि घंटेच्या नादात काडीचा फरक पडला नसता. कुणी ती घासली नाही. कदाचित कुणाच्या ते मनातच आले नसेल. कदाचित कुणा पुजाऱ्याला वाटले असेल की ही कुणाची तरी माउली आहे, राहू दे. कारण कोणतेही असो, घंटा कुणाकडून आली हे घंटेलाच सांगू दिले गेले. मी तर माझ्या वडिलांच्या मित्राची दोन अक्षरेही राहू दिली नाहीत.

मार्टिन हायडेगर या जर्मन तत्त्वज्ञाने १९२७ च्या आपल्या ग्रंथात हातोडीचे उदाहरण घेतले आहे. हातोडी हातात नीट चालत असते तेव्हा ती आपल्याला दिसतच नाही. दिसतो तो खिळा, ते काम. ती मोडली, अडली, की मग ती 'वस्तू' म्हणून समोर येते. उजळणीच्या दिवशी अवजाराचे असेच काही होते. ते कामावर नसते, ओट्यावर पडलेले असते, आणि माणूस प्रथमच त्याच्याकडे पाहतो. खंडेनवमीला आपल्याकडे सुतार-लोहार अवजारे धुऊन, पुसून, त्यांची पूजा करतात. त्या दिवशी त्यांनी काम घ्यायचे नसते. ती प्रथा मला म्हणूनच शहाणी वाटते: वर्षातून एक दिवस तरी हाताने घेणे थांबवावे आणि डोळ्याने पाहावे.

संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात मठवासीयांसाठी जो नियम लिहिला, त्यात अवजारांवर एक छोटासा अध्याय आहे, बत्तिसावा. त्याच्या आधीच्या अध्यायात कोठाराच्या कारभाऱ्याला सांगितले आहे की मठातील भांडीकुंडी वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखीच मानावी. हे वाक्य आपण प्रवचनांतून पुष्कळदा ऐकतो. पुढच्या अध्यायातली गोष्ट कुणी फारशी सांगत नाही, कारण ती रूक्ष आहे. अवजारे कुणाच्या हवाली केली याची यादी मठाधिपतीने ठेवावी, म्हणजे काय दिले आणि काय परत आले हे त्याला कळेल. जो त्यांना घाणेरडी ठेवील वा निष्काळजीपणे वापरील त्याला समज द्यावी. मठात कुणाचे काही नसते. म्हणून तर यादी हवी. मला हे दोन अध्याय एकत्रच वाचावेसे वाटतात. स्वच्छतेचा संबंध तिथे मालकीशी नाही, हवाली केलेल्या ठेवीशी आहे. आपली वस्तू माणूस आपल्याला आवडेल तशी लखलखीत करतो. हवाली केलेली वस्तू तशी करता येत नाही. ती ज्याची आहे त्याला ओळखू येईल अशी ठेवावी लागते. वडिलांनी तीस वर्षे तो कॉर्नेट तसाच, तपकिरी, अक्षरांसकट ठेवला. मी त्याला आळस किंवा जुन्या माणसाची सवय समजत होतो.

अलिबागेत एक भूचुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याची चुंबकीय मोजमापे बिघडणार, म्हणून ती १९०४ मध्ये इकडे आणली. तिच्या इमारतीत लोखंड वापरलेले नाही. पण मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. नवे ठिकाण सुरू होताच जुने बंद केले नाही; १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. दोन ठिकाणांच्या आकड्यांत फरक पडणारच होता. तो मिटवून टाकण्याऐवजी तो किती हे लिहून ठेवले, आणि त्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या नोंदींपासून आजपर्यंतची साखळी अखंड राहिली. फरक नोंदविणाऱ्यांची ही शिस्त आपण घरात का आणत नाही कोण जाणे.

घरात तर आपण मेलेल्यांनाही चाकावर धरतो. आपल्या नियतकालिकांतले श्रद्धांजलीचे मजकूर वाचावे; सारे प्रेमळ, सारे धर्मपरायण, सारे कष्टाळू. त्या सर्व मजकुरांचे चकाकणे एकसारखे असते आणि म्हणून कुणाचाही चेहरा त्यात दिसत नाही. मीही असा एक लिहिला आहे, वडिलांवर. त्यात कॉर्नेटचा उल्लेख 'त्यांचा लाडका कॉर्नेट' असा आहे.

कॉर्नेट गेल्यानंतरच्या आश्विनात मी पेटी ओट्यावर काढली. रॉकेल, चिंध्या, तेल, सारे वडिलांच्या रीतीने. फक्त आधी एक वही घेतली आणि प्रत्येक अवजार पुसण्यापूर्वी त्याच्यावर काय आहे ते लिहीत गेलो. एका पटाशीच्या दांड्यावर आजोबांची खाच. गुण्यावर वडिलांचे नाव, पंचाने ठिपक्याठिपक्यांनी. आणि तीन पान्यांवर नावे वडिलांची नव्हेत; इतरांची. कारखान्यात एकमेकांचे पाने इकडचे तिकडे होतातच.

याशिवाय एक कानस निघाली, जिच्या शेपटाशी त्या कारखान्याचाच शिक्का होता. ती निवृत्त होताना आठवण म्हणून मिळाली, की टाकाऊ मालातून मागून घेतली, की तशीच आली, हे आता विचारायला कुणी नाही. कारखानाही राहिलेला नाही. पॉलिश पेपर माझ्या हातातच होता. शिक्का उथळ होता. दहा-बारा हात मारले असते तर गेला असता, आणि वडिलांविषयी कुणी कधी काही विचारले नसते. मी पुष्कळ वेळ बसून राहिलो. बायको आतून येऊन विचारून गेली, जेवायचे नाही का. शेवटी मी कानशीला तेल लावले, शिक्क्यासकट, आणि वहीत लिहिले: कानस एक, शिक्का कारखान्याचा, कशी आली माहीत नाही. माझ्या वडिलांनी हयातीत कुणाचे काही ठेवले असेल असे मला वाटत नाही. पण मला तसे वाटत नाही हा पुरावा नव्हे, आणि कानस घासून तो पुरावा निर्माण होणार नव्हता.

तीन पान्यांपैकी दोन परत गेले. एकाचा मालक पेणजवळ मुलाकडे राहत होता. पाना हाती घेऊन तो इतका हसला की मला संकोच वाटला. दुसऱ्याचा मुलगा भेटला, त्याने तो दाराशी खिळ्याला टांगून ठेवला आहे. तिसऱ्या पान्यावर तीन अक्षरे आहेत, मधले अर्धवट. वडिलांबरोबर काम केलेली जी दोन-तीन माणसे अजून आहेत त्यांना मी ती कागदावर उतरवून दाखविली. अजून कुणाला लागलेली नाहीत. पाना पेटीत आहे. दर आश्विनात त्याला तेल लावतो, अक्षरांवरून चिंधी हलक्या हाताने फिरवितो.